रेषेच्या अलीकडे

शनिवारी सकाळी नऊची मॅच होती. गवतावरचं दव अजून सुकलं नव्हतं. मैदानाच्या एका कडेला घडीच्या खुर्च्या, कॉफीचे थर्मास, संत्र्याच्या फोडींचे डबे. न्यू जर्सीत मुलं वाढवणाऱ्या मराठी घरांना हे दृश्य नवं नाही. माझा नऊ वर्षांचा मुलगा बचावफळीत खेळतो. गोलकीपरने चेंडू हाताने सरपटत त्याच्याकडे दिला, समोरून दोघं धावत आले आणि मी खुर्चीतून उठून ओरडलो, "मार! लांब मार!" त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तेवढ्या वेळात चेंडू गेला आणि गोल झाला.

घरी येताना गाडीत तोच म्हणाला, "बाबा, कोचने सांगितलंय लांब मारायचं नाही. मग मी कुणाचं ऐकायचं?"

त्या प्रश्नानंतर मी पहिल्यांदा त्या वयाचे नियम नीट वाचले. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाने २०१७पासून नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी सात विरुद्ध सात असा छोटा खेळ ठरवून दिला आहे. मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात, पेनल्टी क्षेत्र आणि मध्यरेषा यांच्या बरोबर मधोमध, एक जादा रेषा असते. तिला बिल्ड-आउट लाइन म्हणतात. गोलकीपरच्या हातात चेंडू आला की विरुद्ध संघाने या रेषेमागे जायचं. गोलकीपरला चेंडू हातातून सोडून लाथेने लांब मारता येत नाही. त्याने तो जवळच्या खेळाडूला द्यावा, अशी अपेक्षा असते. मुलांनी दडपणाखाली चेंडू लाथाडून टाकू नये, मान वर करून पाहावं, विचार करावा, पास द्यावा, चुकलं तर चुकावं, एवढ्यासाठी ही रेषा आखलेली आहे. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्याने चेंडू मारायलाही बंदी आहे, मेंदूला इजा होऊ नये म्हणून. आणि आम्ही बाहेरून ओरडत असतो, "लांब मार", "हेड कर". जे शिकण्यासाठी मुलांना तिथे पाठवलं, तेच आम्ही आमच्या आवाजाने मोडत होतो.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. मी मराठीत ओरडत होतो. आजूबाजूच्या कुणाला कळत नाही, म्हणजे हे आपलं घरातलंच बोलणं, असं मला वाटायचं. पण त्या मैदानावर माझे शब्द कळणारा माणूस एकच होता. इतरांच्या आरडाओरड्यातलं निम्मं तरी वाऱ्यावर जातं. माझा शब्द न् शब्द त्या एकट्या पोरावर पडत होता. झोपताना, जेवताना, ताप आल्यावर तो जी भाषा ऐकतो, तीच भाषा मैदानाच्या कडेवरून त्याच्यावर चालून येत होती.

मी कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींच्या संघांची मॅच पाहत वाढलेल्या माणसाला फुटबॉल आणि आरडाओरडा वेगळे करता येत नाहीत, आणि तिथे ते करूही नयेत. पण तिथे मोठी माणसं मोठ्या माणसांसाठी ओरडतात. आम्ही पोरं गांधी मैदानात खेळायचो तेव्हा कुणाचेही आईवडील बघायला येत नसत. फाउल होता की नव्हता, हे भांडून आम्हीच ठरवायचो. भांडण मिटलं नाही तर खेळ थांबायचा, आणि खेळ थांबू नये म्हणून कुणीतरी माघार घ्यायचं. त्यातून जे शिकलो ते कुठल्याही कोचने शिकवलं नसतं. माझ्या मुलाच्या आठवड्यात असा एक तास नाही. शाळा, पियानो, गणिताचा क्लास, रविवारची मराठी शाळा, सगळीकडे मोठं माणूस हजर. मैदानावर चेंडू पायाशी असतानाचे दोन-तीन सेकंद, एवढेच काय ते त्याचे.

पालक असे का वागतात, याचं उत्तर निव्वळ असभ्यपणा हे नाही. इथे चांगल्या क्लबात मूल घालायचं तर वर्षाला काही हजार डॉलर लागतात, शिवाय प्रवास, हॉटेलं, बूट. इतकं घातल्यावर माणूस नकळत हिशेब मागू लागतो. कॉलेजच्या शिष्यवृत्तीची आशा असते. आणि आपण मराठी माणसं त्यात आपली सवय घेऊन येतो. दहावीच्या केंद्राबाहेर उन्हात उभे राहणारे आईवडील आपण पाहिले आहेत. पण तिथे निदान फाटक बंद असायचं आणि मूल आत एकटं पेपर लिहायचं. मैदानाला फाटक नाही. मागच्या सुट्टीत पुण्यात भाच्याची मॅच बघायला एका टर्फवर गेलो, तर जाळीला नाक लावून उभे असलेले पालक तिथेही होते.

यावर उपाय शोधले गेले आहेत. १९९९ मध्ये ओहायोतल्या मुलींच्या एका लीगने एक रविवार पूर्ण शांततेत खेळवला; पालक आणि कोच, कुणीच बोलायचं नाही. ती कल्पना पुढे देशभर पसरली, आमच्याकडेही वर्षातून एक असा दिवस असतो. मला ती अर्धीच पटते. मुलांना टाळ्या हव्या असतात. चांगल्या पासनंतर सगळं मैदान चिडीचूप असेल तर त्यांना आपण कुणाच्या नजरेत नाही असं वाटतं. शिवाय एक दिवस तोंड दाबून धरलं की पुढच्या शनिवारी ते दुप्पट सुटतं.

जर्मनीतली वाट मला जास्त शहाणपणाची वाटते. आखेन परिसरात राल्फ क्लोर नावाच्या प्रशिक्षकाने मुलांसाठी फेअर प्ले लीग सुरू केली. तिच्यात पालकांनी मैदानापासून साधारण १५ मीटर मागे उभं राहायचं, दोन्ही कोचनी एकाच ठिकाणी शेजारी थांबायचं आणि रेफरीच नाही. फाउल, थ्रो-इन सगळं मुलांनीच ठरवायचं. गांधी मैदानात आम्ही जे करायचो तेच, फक्त नियम करून. २०२४-२५च्या हंगामापासून जर्मन महासंघाने अकरा वर्षांखालच्या मुलांसाठी छोटे संघ आणि छोटे गोल सगळीकडे लागू केले, आणि गुणतक्ते बाजूला ठेवले. नॉर्वेने तर १९८७ मध्येच मुलांच्या खेळाचे नियम केले आणि २००७ मध्ये मुलांच्या हक्कांच्या तरतुदी स्वीकारल्या. तिथे अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ता नाही. तक्ताच नसेल तर बापाच्या ओरडण्यातली निम्मी हवा आपोआप जाते. पालकांना उपदेश करण्यापेक्षा त्यांना पंधरा पावलं मागे न्यावं, हे बरं.

माझ्यापुरती मी मराठी व्याकरणातून एक कसोटी काढली आहे. आज्ञार्थ वापरायचा नाही. मार, पळ, दे, सोड, थांब, मागे ये, यातलं काही नाही. "शाब्बास" चालेल, "वा" चालेल, तेही खेळ होऊन गेल्यावर. पहिले तीन आठवडे मला जीभ दाताखाली धरावी लागली.

हे सगळं मुलांपुरतंच असतं तर लेख इथे संपला असता. पण माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि गेल्या वर्षापासून ती रेफरी आहे. इथे लहान मुलांच्या मॅचला तेरा-चौदा वर्षांची मुलं शिट्टी घेऊन उभी असतात, बहुतेक वेळा एकटीच. एका मॅचमध्ये मध्यरेषेच्या पलीकडे एकट्या उभ्या असलेल्या मुलाला चेंडू मिळाला आणि त्याने गोल केला. समोरच्या बाजूने एक गृहस्थ ओरडले, "ऑफसाइड! डोळे आहेत का?" या वयोगटात ऑफसाइड मध्यरेषेपासून नव्हे, त्या बिल्ड-आउट रेषेपासून धरतात. मुलगा तिच्या अलीकडे होता. माझ्या मुलीचा निर्णय बरोबर होता. तिने गोल दिला, वहीत लिहिला, घड्याळाकडे पाहिलं. मध्यंतरात ती त्या खुर्च्यांकडे पाठ करून पाणी प्यायली. बाटलीचं झाकण लावताना तिचा हात थरथरत होता.

मी त्या गृहस्थांकडे गेलो आणि म्हणालो, ती माझी मुलगी आहे. ते एकदम वरमले, माफी मागितली, उरलेला वेळ गप्प बसले. त्यांच्या आवाजात मला माझाच आवाज ऐकू आला होता, म्हणून मला राग धरता आला नाही. पण दिवसभर एक गोष्ट सलत राहिली. ते गप्प बसले ते तिचा बाप समोर उभा राहिला म्हणून. ज्या मुलांचे आईवडील तिथे नसतात, त्यांचं काय? कितीतरी मुलं थोड्याच काळात शिट्टी खाली ठेवतात, ती उगीच नाही.

याचं टोक कुठे जातं, तेही माहीत असायला हवं. डिसेंबर २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या आल्मेरे इथे मुलांच्या सामन्यानंतर एका लाइन्समनला मारहाण झाली आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. तो स्वतःच्या मुलाच्या संघासाठी हौसेने झेंडा धरून उभा राहिलेला बाप होता. ज्यांना शिक्षा झाली त्यांत खेळणाऱ्या मुलांबरोबर त्यांच्यातल्या एकाचे वडीलही होते. अमेरिकेच्या महासंघाने २०२५ मध्ये रेफरींच्या छळाविरुद्ध कडक नियम लागू केले. नियम हवेतच. पण शनिवारी सकाळी नऊ वाजता नियम येऊन शेजारच्या खुर्चीवर बसत नाही. तिथे आपणच असतो.

शेजाऱ्याला टोकणं आपल्याला जड जातं. त्यातून तो आपल्याच गणपतीतला, आपल्याच घरी जेवून गेलेला असला तर जास्तच. गेल्या शनिवारी रेफरी एक अनोळखी मुलगा होता, बारीक, शर्ट खांद्यावरून उतरणारा. आमच्याच बाजूने, साताऱ्याचे एक स्नेही उठून ओरडायला लागले. मी त्यांच्या दंडाला हात लावला. "दादा, बसा खाली. पोरगा शिकतोय अजून." ते माझ्याकडे बघत राहिले. मग बसले, पण बोलले नाहीत. थर्मासमधली कॉफी पुढे केली तीही त्यांनी घेतली नाही.

थोड्या वेळाने चेंडू आमच्या पायांशी बाहेर आला. रेफरीने हात उंचावला, चुकीच्या दिशेने. दादांची खुर्ची करकरली. मुलाने चेंडूकडे पाहिलं, दोन्ही संघांकडे पाहिलं, हात खाली घेतला आणि दुसऱ्या बाजूला केला. आमच्या ओळीतून कुणीही काही बोललं नाही.