चौथ्या चालीची मात

नाताळच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात मुलांच्या बुद्धिबळ स्पर्धा भरल्या होत्या आणि पंचाची खुर्ची आमच्या वाट्याला आली होती. पहिल्याच फेरीत नऊ वर्षांच्या एका मुलीने चौथ्या चालीला मात केली. राजापुढचे प्यादे, मग उंट, मग वजीर. आणि ज्या प्याद्याला राजाखेरीज कोणाचाही आधार नसतो त्यावर वजिराची झडप. समोरच्या मुलाचे डोळे भरून आले. मुलीने अभिमानाने आमच्याकडे पाहिले, कारण ही युक्ती तिला आम्हीच शिकवली होती.

त्या रात्री आम्हांला स्वस्थता लाभली नाही. नियमभंग झाला नव्हता. पट दोघांसमोर उघडा होता; मग यात फसवणूक ती कोठली? हा युक्तिवाद खोटा नाही. परंतु चाल चांगली आहे म्हणून खेळणे वेगळे आणि समोरच्याला ती ठाऊक नसेल या आशेवर खेळणे वेगळे. जाणता खेळाडू एक प्यादे सारून त्या वजिराला हुसकावतो आणि वजिराच्या पळापळीत पांढऱ्याचा वेळ फुकट जातो. म्हणजे येथे विजय मिळतो तो केवळ दुसऱ्याच्या अज्ञानातून. अशा विजयाची गोडी आम्ही एका लेकराला लावली होती.

स्पॅनिश धर्मगुरू रुय लोपेझ यांचे नाव ज्या प्रारंभाला लाभले आहे, त्यात तिसऱ्या चालीला उंट समोरच्या घोड्यावर रोखला जातो. (इंग्रजीत या उंटाला ‘बिशप’ म्हणतात; आपल्याकडे तो उंटच राहिला, हे एका परीने बरेच झाले!) उत्तमातले उत्तम उत्तर आले तरी ही चाल टिकते, आजही थोर खेळाडू ती खेळतात. मात्र याच धर्मगुरूंनी १५६१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांवर ऊन येईल असा पट मांडावा, असाही सल्ला दिला आहे. तो वाचून आम्हांला प्रथम हसू आले. मग आमचीच ओळख पटली.

दुसऱ्या दिवशी आम्ही मुलीला हे सारे जमेल तसे समजावले. तिने शांतपणे ऐकून घेतले व विचारले, “सर, मग त्याला उत्तर कोण शिकवणार?”

दुपारी आम्ही दोघांना एका पटाशी बसवले. वजीर बाहेर येताच मुलाने ते प्यादे एक घर पुढे सरकवले. मुलीच्या कपाळाला आठी पडली, आणि तिने वजीर मागे घेतला.