प्रेक्षक आणि पाहुणा

आस्वादाची चर्चा करताना आपण बहुधा कलाकृतीविषयी बोलतो. तिच्यासमोर उभ्या असलेल्या माणसाविषयी फारसे बोलत नाही. तो कोण, कोठून आला, तेथे उभे राहण्याचा त्याला अधिकार काय, हे प्रश्न सौंदर्यशास्त्राच्या कक्षेबाहेरचे मानले जातात. हे प्रश्न नैतिक आहेत हे खरे. परंतु ते आस्वादाच्या स्वरूपाशीही निगडित आहेत, असे मला वाटते. दोन प्रसंगांच्या आधारे त्यांची मांडणी करतो.

पहिला प्रसंग पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातला. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना घेऊन मी तेथे गेलो होतो. अडकित्त्यांच्या कपाटापुढे सारे रेंगाळले. नित्याच्या वापरातील एवढ्याशा अवजाराला कारागिरांनी दिलेले घाट पाहून मुले हरखून गेली. एक विद्यार्थिनी मात्र मागे उभी होती. ती म्हणाली, ‘सर, आमच्या आजोबांच्या पानाच्या डब्यात असाच आहे. आजही चालतो. मग हा कुलपात कशाला?’ बाकीचे हसले. मी कलामूल्याविषयी काहीतरी बोललो आणि पुढच्या दालनाकडे वळलो. ते उत्तर नव्हते, हे मला त्याच क्षणी जाणवले होते.

सिद्धान्ताच्या दृष्टीने पाहिले तर चूक त्या मुलीचीच ठरेल. कांटने 1790मध्ये सौंदर्यनिर्णय हितसंबंधनिरपेक्ष असतो असे प्रतिपादन केले. अभिनवगुप्ताने रसास्वादातील सात विघ्ने सांगितली, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणे हे एक आहे. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’त (1974) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे जे दोन ध्रुव दाखविले, त्यांपैकी दुसऱ्याचा येथे जय होतो. आजोबा आठवले की अडकित्त्याचा घाट दिसेनासा होतो, असे हा पक्ष म्हणेल. परंतु त्या दालनात अडकित्ता हातात कसा बसतो, सुपारी कोठे धरायची, हे जाणणारी ती एकटीच होती. ज्याला आपण विघ्न म्हणतो, तेच त्या वस्तूविषयीचे सर्वांत नेमके ज्ञान होते.

तथापि, येथून ‘वापरणाऱ्यानेच पाहावे’ ह्या निष्कर्षाकडे धाव घेणे चुकीचे होईल. तसे झाले तर संग्रहालये बंद करावी लागतील, प्रवास निरर्थक ठरेल आणि प्रत्येक समाज स्वतःच्या उंबरठ्याआड कोंडला जाईल. ज्या घरांत अशा वस्तूंचा वापर संपला, तेथे त्या बहुधा मोडीत गेल्या. ‘अज्ञातवासी’ ह्या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी (1896–1990) दिवे, अडकित्ते, दारे, वाद्ये, भांडी आयुष्यभर गोळा केली, म्हणून ती आज दिसतात. हा संग्रह त्यांच्या अकाली निवर्तलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने उभा आहे. आपण ज्या तटस्थ कुतूहलाने तेथे हिंडतो, ते एका पित्याच्या अतिशय अतटस्थ दुःखाने शक्य केले आहे. हितसंबंधनिरपेक्ष दृष्टीला उभे राहण्यासाठी कोणीतरी हितसंबंध जपलेला असावा लागतो. ही गोष्ट प्रेक्षक सहसा विसरतो.

दुसरा प्रसंग एका सहकाऱ्याच्या गावचा. त्यांच्या घरी लग्नानंतरचा गोंधळ होता. मी टिपणवही घेऊन भिंतीला टेकून बसलो होतो. चौक भरला, संबळ आणि तुणतुणे सुरू झाले, ठिकठिकाणच्या देवतांना नावे घेऊन आवाहन झाले. रंगमंचावर मी गोंधळ अनेकदा पाहिला होता. तेथे हे आवाहन म्हणजे लयीचा एक सुंदर तुकडा असतो. येथे ते खरोखरीचे बोलावणे होते, कारण बोलावणारे घर समोर होते. मध्येच दिवटी माझ्यापुढे आली. ‘गुरुजी, तुमीबी घाला तेल,’ गोंधळी म्हणाला. माझी श्रद्धा नाही. तेल घालावे तर ढोंग, न घालावे तर अवमान. क्षणभर थांबून मी वही खाली ठेवली आणि तेल घातले.

ते ढोंग होते काय? पुष्कळ दिवस मला तसे वाटत राहिले. आता वाटत नाही. श्रद्धेचा दावा मी केलाच नव्हता, आणि कोणी तो मागितलाही नव्हता. मी त्या घरी जेवलो होतो. दिवटीत तेल घालणे हा त्याच पाहुणचाराचा भाग होता.

‘पाहुणा’ हा शब्द ‘प्राघुण’वरून आला, ‘पाहणे’शी त्याचे व्युत्पत्तीने नाते नाही. मराठी कानाला मात्र दोहोंत जवळीक ऐकू येते, आणि येथे ती उपयोगी पडते. प्रेक्षक तिकीट काढतो; त्याचे देणे दारातच फिटते. पाहुण्याचे देणे आत गेल्यावर सुरू होते. तो यजमान नव्हे, भक्त नव्हे, मालकही नव्हे. वाढलेले तो खातो, परंतु न दाखविलेली कपाटे उघडत नाही. आणि ह्या घरात मीच रसिक, असे मानत नाही. रंगमंचावर आलेल्या गोंधळ्याच्या ‘अस्सलपणा’बद्दल त्याच्या वतीने हळहळणेही पाहुण्याचे काम नव्हे, मानधन घेऊन पंधरा मिनिटे गावे की नाही, हा निर्णय गोंधळ्याचा आहे.

ह्या भूमिकेमुळे आस्वाद उणावतो, असे मला दिसत नाही. कुतूहल हा दोष नव्हे. ऋण न मानणारे कुतूहल हा दोष आहे. घाट पाहावाच, लय ऐकावीच. परंतु त्या आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आल्या, हे जाणणे आस्वादाबाहेरचे नाही, तो त्याचाच एक घटक आहे.

हल्ली संग्रहालयात शिरण्यापूर्वी मी विद्यार्थ्यांना राजा कोण होता ते सांगतो. त्या दिवशी मात्र त्या मुलीला पुढे बोलावून अडकित्ता कसा धरतात ते दाखवायला सांगायला हवे होते. ते मला सुचले नाही.