चर्चची जाहिरात करावी काय?



गेल्या महिन्यात पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आपल्या युवकांनी एक प्रस्ताव मांडला. यंदा नाताळच्या आधी हायवेच्या नाक्यावर मोठा फलक लावावा, त्यावर मनात बसेल असे एखादे वाक्य असावे, कॉयरच्या गीतांचे छोटे व्हिडिओ करून मोबाईलवरून सर्वत्र पाठवावेत आणि जमल्यास एखाद्या कलाकारालाही बोलवावे. म्हणजे जे आजवर कधी चर्चच्या पायऱ्या चढले नाहीत तेही येतील. हे ऐकून काही ज्येष्ठ मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या. “चर्च म्हणजे काय साबण आहे?” असे एकाने विचारले. युवकांनीही लगेच उत्तर दिले, “आणि लपवून ठेवायला आपण काय चोरी करतो?” आम्हाला दोन्ही प्रश्न महत्त्वाचे वाटले. बैठकीत वेळ अपुरा पडला, म्हणून त्यांवर येथे सविस्तर लिहीत आहोत.

आधी युवकांची बाजू घेऊ, कारण तिला बायबलचा आधार आहे. दिवा लावून तो मापाखाली ठेवायचा नसतो, हे प्रभूचेच सांगणे आहे. पेंटेकॉस्टच्या दिवशी पेत्र कडी लावून घरातच बसला असता, तर आज हे पत्रक निघालेच नसते. आपल्या चर्चची घंटा तरी काय आहे? ती आपल्यापुरती हळू वाजत नाही, साऱ्या गावाला ऐकू जाते. ‘प्रोपगंडा’ हा शब्दसुद्धा मुळात आपल्याच घरचा. पोप ग्रेगरी पंधरावे यांनी १६२२ साली श्रद्धेच्या प्रसारासाठी रोममध्ये एक खाते स्थापन केले, त्याच्या लॅटिन नावातून तो जगभर गेला. पुढे राजकारण्यांनी तो इतका मळविला की आज तो शिवीसारखा वापरला जातो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही १९६३ साली समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र आज्ञापत्र काढले आणि वृत्तपत्र, चित्रपट, रेडिओ, टेलिव्हिजन वापरणे हा ख्रिस्तसभेचा हक्क आहे असे त्यात सांगितले. तेव्हा ‘फलक लावणे म्हणजे पाप’ असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबावे.

लोकांच्या आवडीचा विचार करण्यातही काही वावगे नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आले. नव्याने ख्रिस्ती झालेल्या लोकांना पुराणे ऐकायची सवय होती आणि ती सवय तुटली होती. त्यांच्यासाठी स्टीफन्स यांनी त्याच ओवीत, त्याच पुराणाच्या घाटात तारणाचा इतिहास गुंफला. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्या काळी गोव्यात धर्मप्रसाराचे सगळेच मार्ग प्रेमाचे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण आमचे लक्ष जाते ते मधल्या सदतीस वर्षांकडे. लोकांच्या आवडीचे काहीतरी द्यायचे म्हणून या धर्मगुरूने आधी लोकांची भाषा आपली केली. घाट त्यांचा घेतला आणि क्रूस मात्र गाळला नाही.

मग अडते कुठे? हे पाहण्यासाठी आपल्याला अमेरिकेत जावे लागेल, कारण चर्चच्या जाहिरातीचा प्रयोग तेथे सर्वांत मोठ्या प्रमाणावर झाला आहे.

१९५५ साली रॉबर्ट शुलर नावाच्या एका प्रोटेस्टंट पाळकांनी कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात मोटारीत बसून चित्रपट पाहण्याचे एक थिएटर रविवारपुरते घेतले. तेथील खाद्यपदार्थांच्या दुकानाच्या छपरावर उभे राहून ते प्रवचन देत आणि लोक आपापल्या मोटारीतून ऐकत. पुढे १९७० पासून त्यांचा टेलिव्हिजन कार्यक्रम सुरू झाला. पापापेक्षा यश, आत्मसन्मान आणि सकारात्मक विचार यांवर त्यांचा भर असे. लोकांना ते आवडले. १९८० साली दहा हजारांहून अधिक काचांचे भव्य ‘क्रिस्टल कॅथेड्रल’ उभे राहिले. २०१० साली त्याच संस्थेने दिवाळे जाहीर केले, आणि ५ कोटी ७५ लाख डॉलरला ती इमारत २०१२ साली कोणी विकत घेतली? ऑरेंजच्या कॅथलिक धर्मप्रांताने! २०१९ पासून ते त्यांचे ‘ख्राइस्ट कॅथेड्रल’ आहे. हे वाचून कुणी मनातल्या मनात टाळ्या वाजवू नयेत. आपण काचा विकत घेतल्या. त्या काचांआड बसणारी माणसे अशी विकत मिळत नाहीत.

दुसरे उदाहरण शिकागोजवळच्या विलो क्रीक चर्चचे. १९७५ साली बिल हायबल्स आणि त्यांचे सोबती घरोघर गेले. “तुम्ही चर्चला का जात नाही?” असे त्यांनी लोकांना विचारले. उत्तरे मिळाली : कंटाळा येतो, सारखे पैसे मागतात, आमच्या जीवनाशी त्याचा संबंध नसतो. मग त्यांनी लोकांना नको ते काढले आणि हवे ते घातले. सभागृहात क्रूस नाही, बाके नाहीत, नाटिका आणि आधुनिक संगीत भरपूर. दर आठवड्याला वीस हजारांच्या आसपास लोक येऊ लागले. पुढे २००७ साली त्याच चर्चने स्वतःची पाहणी करून निष्कर्ष प्रसिद्ध केले, आणि आम्हाला त्यांचे खरे कौतुक येथे वाटते. कार्यक्रमांतील सहभाग वाढला म्हणून देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम वाढतेच असे नाही, असे त्यांना आढळले. सर्वांत निष्ठावान सभासदांपैकी काहीजण तर असमाधानी होते आणि सोडून जाण्याचा विचार करीत होते.

असे का व्हावे? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना प्लेटोच्या ‘गॉर्गियस’ या संवादाशी आमची गाठ पडली होती. त्यात सॉक्रेटिस एक गमतीदार खटला कल्पितो. आरोपी वैद्य, फिर्यादी हलवाई आणि न्यायाधीश म्हणून बसली आहेत लहान मुले. हलवाई म्हणतो, हा माणूस तुम्हाला कडू काढे पाजतो, उपाशी ठेवतो, मी मात्र गोडधोड देतो. वैद्याने काय उत्तर द्यावे? “मी हे तुमच्या भल्यासाठी केले” एवढेच तो सांगू शकतो आणि त्यावर मुले गोंधळ घालणार हे ठरलेले. सॉक्रेटिसचा मुद्दा असा की हलवाई माणसाला काय आवडते ते शोधतो, वैद्य त्याला काय हितकर आहे ते शोधतो.

बाजार हलवायाच्या बाजूने चालतो. त्यात व्यापाऱ्याचा दोष नाही. साबण विकणाऱ्याने ग्राहकाची आवड विचारलीच पाहिजे, वास आवडला नाही तर वास बदलला पाहिजे. जाहिरात माणसाच्या मनात असलेली इच्छा हेरते आणि ती पुरी करण्याचे वचन देते. सुवार्ता मात्र माणसाच्या इच्छेलाच प्रश्न विचारते. श्रीमंत तरुण सार्वकालिक जीवन मागायला आला होता. प्रभूने त्याच्यावर प्रीती केली, पण अट कमी केली नाही. तो खिन्न होऊन निघून गेला आणि प्रभूने त्याला जाऊ दिले. योहानच्या सहाव्या अध्यायातही तेच. भाकरी खाल्लेला जमाव ‘मीच जीवनाची भाकर’ हे शिक्षण ऐकून पांगला. कोणताही विक्री अधिकारी अशा वेळी मागे धावला असता. प्रभूने उलट बारा जणांनाच विचारले की तुम्हीही जाणार काय?

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, देवाच्या वचनाचा धंदा करणाऱ्यांपैकी आम्ही नाही, असे म्हटले आहे. तेथे त्याने वापरलेला ग्रीक शब्द किरकोळ विक्रेत्याच्या धंद्याचा आहे. द्राक्षारसात पाणी घालून विकणाऱ्या दुकानदारांमुळे त्या शब्दाला भेसळीचा वास लागला होता. दुधात पाणी म्हटले की आपल्याला पटकन समजेल. पौल काही संकोची माणूस नव्हता. तो बाजारात बोलला, अथेन्सच्या विद्वानांपुढे बोलला, सर्वांना सर्वकाही झाला. मोठ्याने बोलण्याला त्याची ना नव्हती, ना होती ती पाण्याला.

आपल्या देशात या प्रश्नाला आणखी एक धार आहे. घटनेच्या २५व्या कलमाने आपल्याला धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे, मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. ‘आमिष’ हा शब्द आपल्याविरुद्ध नेहमी वापरला जातो, पुष्कळदा अन्यायाने. पण ‘या आणि आजार बरा करून घ्या’, ‘या आणि नोकरीचा अडथळा दूर करा’ अशी भित्तिपत्रके ख्रिस्ताच्या नावाने लागलेली आम्ही पाहिली आहेत. ते आमिषच आहे. दुःखात असलेल्या माणसाची गरज हेरून जे देणे आपल्या हाती नाही त्याचे वचन देणे, हे कायद्यात बसो वा न बसो, पाप आहे. धर्मस्वातंत्र्यावरील १९६५ च्या घोषणापत्रात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही श्रद्धेच्या प्रसारात बळजबरीचा वा अयोग्य मन वळवणीचा भासही नसावा, गरीब आणि अशिक्षित लोकांच्या बाबतीत तर मुळीच नसावा, असे बजावले आहे.

आता थोडे कटू. बाजाराची भाषा घरात आली की तिच्याबरोबर ‘प्रतिमा’ येते. मालाचे नाव खराब होता कामा नये, ही प्रत्येक कंपनीची चिंता असते. २००२ साली अमेरिकेतील बोस्टनमध्ये काय उघड झाले ते आपण जाणतो. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना या धर्मग्रामातून त्या धर्मग्रामात हलविले गेले आणि प्रकरणे दडपली गेली. त्याच वर्षी तेथील कार्डिनलना राजीनामा द्यावा लागला. तेथे कुणी फलक लावला नव्हता की व्हिडिओ केला नव्हता. पण ख्रिस्तसभेचे नाव राखायचे म्हणून मुलांचे अश्रू झाकले गेले. जाहिरातीचा सर्वांत वाईट प्रकार आमच्या मते हा आहे, आणि त्याला एक रुपयाही खर्च येत नाही. फलकावरून भांडताना आपण याचीही आठवण ठेवावी.

पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली ब्राझीलमध्ये ख्रिस्तसभा आकर्षणाने वाढते, असा विचार मांडला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली तो पुन्हा अधोरेखित केला. मग युवक विचारतील, फादर, आकर्षण म्हणजे तरी जाहिरातच ना? आम्हाला त्यात फरक दिसतो. माहीमच्या संत मायकल चर्चमध्ये १९४८ पासून दर बुधवारी नोव्हेना होते. तेथे हिंदू, मुसलमान, पारशी सगळे येतात. त्यांना कुणी घोषवाक्य लिहून बोलावलेले नाही. कुणाच्या तरी शेजारणीने कधीतरी सांगितले, “माझ्याबरोबर चल.” रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण त्यांची गोष्ट सर्व मराठी ख्रिस्ती माणसांची आहे. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्याशी आपुलकीने गप्पा मारल्या आणि उतरताना नव्या कराराची प्रत हातात ठेवली. पुढे टिळकांनी दोन वर्षे झगडून विचार केला, प्रश्नांवर प्रश्न विचारले आणि १८९५ साली मुंबईत स्नानसंस्कार घेतला. ग्राहक इतके प्रश्न विचारीत नाही आणि विक्रेता इतकी वाट पाहत नाही.

तेव्हा आपल्या प्रस्तावाचे काय? कौन्सिलशी पुन्हा बोलून ठरले ते असे. फलक लागेल. त्यावर मराठी, हिंदी आणि इंग्रजीत मिस्साच्या वेळा असतील, ऑफिसचा फोन नंबर असेल आणि चर्चचे दार सकाळी सहा ते रात्री आठ उघडे असते, कोणीही येऊन शांत बसू शकतो, एवढेच लिहिलेले असेल. दार त्या वेळेत खरोखर उघडे राहील याची जबाबदारी आमची. व्हिडिओ करण्यास हरकत नाही. मात्र रविवारी आपण जसे गातो तसेच त्यात दिसावे, स्टुडिओत सुधारलेले नको, आणि मुलांचे चेहरे आईवडिलांच्या परवानगीशिवाय नकोत. कलाकार येणार नाही. नाताळच्या रात्री वेदीवर जो येतो त्याच्यापुढे आणखी कुणाला बसवायचे?

आणखी एक गोष्ट आम्ही विलो क्रीककडून घेणार आहोत. चर्चमागच्या नव्या इमारतींत तीन-चार वर्षांपासून पुष्कळ कुटुंबे राहायला आली आहेत. आपण त्यांना काहीच विचारलेले नाही. आपला लाऊडस्पीकर, रविवारी आडव्या लावलेल्या गाड्या, सणाच्या फटाक्यांचा धूर हे सगळे मात्र त्यांनी मुकाट्याने सोसले आहे. त्यांच्यातले काही कॅथलिकही आहेत, झारखंडहून आणि केरळहून आलेले. ते मागच्या बाकावर बसतात आणि मिस्सा संपताच निघून जातात, कारण त्यांच्याशी कुणी बोलत नाही. युवकांनी ज्येष्ठांपैकी एकेकाला बरोबर घेऊन दोघादोघांनी त्या घरांत जायचे. आमंत्रणपत्रिका न्यायची नाही, प्रभूविषयी त्यांनी विचारले तरच बोलायचे. “आम्ही तुमचे शेजारी. आमचा तुम्हाला काही त्रास होतो का? आम्ही तुमच्या काही उपयोगी पडू शकतो का?” एवढे विचारून मिळेल ते उत्तर लिहून आणायचे. ती उत्तरे जशीच्या तशी कौन्सिलमध्ये वाचली जातील, आमच्या प्रवचनांविषयी असली तरी.

पहिली फेरी येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर निघेल. जाऊ इच्छिणाऱ्यांनी शनिवारपर्यंत ऑफिसमध्ये नावे द्यावीत. ज्यांनी बैठकीत साबणाचा प्रश्न विचारला होता, त्यांचे नाव आम्ही यादीत आधीच लिहिले आहे.

तुमचे धर्मगुरू