भीतीने श्रद्धा वाढते का?



भुताचा सिनेमा पाहणे पाप आहे का, असा प्रश्न धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले अधूनमधून विचारतात. मोठी माणसे तो वेगळ्या शब्दांत विचारतात. "सैतानाची भीती वाटली म्हणून का होईना, माणूस चर्चकडे वळला तर बिघडले कुठे?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 'द एक्झॉर्सिस्ट' हा गाजलेला अमेरिकन चित्रपट नेमक्या याच प्रश्नातून जन्माला आला. म्हणून आज त्याच्याविषयी थोडा विचार करू या.

विल्यम पीटर ब्लॅटी हे कॅथोलिक लेखक. १९४९ साली ते वॉशिंग्टन येथील जॉर्जटाऊन या येशूसंघीय विद्यापीठात शिकत होते. तेव्हा एका मुलावर दुष्टात्मा घालवण्याचा विधी झाल्याची बातमी त्यांच्या वाचनात आली. त्यांच्या मनात विचार आला : सैतान आहे असे दिसून आले, तर देवही आहे असे मानायला मोठा आधार मिळेल. ही कल्पना त्यांनी वीस वर्षांहून अधिक काळ मनात जपली. १९७१ साली त्यांची कादंबरी आली आणि २६ डिसेंबर १९७३ रोजी विल्यम फ्रीडकिन यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट प्रदर्शित झाला. म्हणजे, लोकांना घाबरवावे आणि त्या भीतीतून त्यांची श्रद्धा जागी व्हावी, असा ब्लॅटी यांचा प्रामाणिक हेतू होता.

हा चित्रपट तयार कसा झाला? नटांचा श्वास वाफेसारखा दिसावा म्हणून मुलीची खोली गोठवणाऱ्या थंडीत ठेवण्यात आली. आईचे काम करणाऱ्या एलन बर्स्टिन यांना एका दृश्यात दोरीने मागे खेचले गेले आणि त्यांच्या पाठीला दुखापत झाली. फा. विल्यम ओ'मॅली हे खरेखुरे येशूसंघीय धर्मगुरू. त्यांनी चित्रपटात फादर डायर यांची भूमिका केली. मरणाऱ्या मित्राला पापक्षमा देतानाचे त्यांचे दृश्य मनासारखे होत नव्हते. तेव्हा फ्रीडकिन यांनी त्यांच्या थोबाडीत मारली आणि लगेच कॅमेरा सुरू केला. पडद्यावर त्यांचा हात थरथरतो, तो या धक्क्याने. ही हकीकत फ्रीडकिन यांनी स्वतः सांगितली आहे.

येथे आम्हाला थांबावेसे वाटते. श्रद्धा जागवण्यासाठी काढलेल्या चित्रपटात पापक्षमेचे दृश्य खरे वाटावे म्हणून एका धर्मगुरूला थप्पड बसते! हेतू चांगला असला म्हणजे कोणतेही साधन चालते का? ख्रिस्तसभेची नीतिशिकवण स्पष्ट आहे. चांगल्या फळासाठी वाईट करता येत नाही.

चित्रपटाला अफाट यश मिळाले. थिएटरबाहेर रांगा लागल्या, प्रेक्षक भोवळ येऊन पडल्याच्या बातम्या छापून आल्या. ऑस्करसाठी दहा नामांकने मिळाली आणि दोन पुरस्कार लाभले, त्यातला एक ब्लॅटी यांच्या पटकथेला. समीक्षकांत मात्र दुमत होते. 'न्यूयॉर्क टाइम्स'चे व्हिन्सेंट कॅन्बी आणि 'द न्यूयॉर्कर'च्या पॉलीन केल यांनी चित्रपटावर कडक टीका केली. रॉजर एबर्ट यांनी पूर्ण चार तारे दिले, पण एक प्रश्नही विचारला : काहीतरी जाणवण्यासाठी माणसांना एवढा मोठा धक्का लागावा, इतकी ती बधिर झाली आहेत का?

आम्हाला मात्र समीक्षेपेक्षा कात्रीत गेलेला एक प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. विधी चालू असताना थकलेले दोन धर्मगुरू जिन्यावर बसतात. या निष्पाप मुलीच्याच वाट्याला हे का आले, असे तरुण फादर कॅरस विचारतात. वृद्ध फादर मेरिन यांच्या उत्तराचा आशय असा, की सैतानाचा खरा डाव मुलीवर नसून पाहणाऱ्यांवर आहे. आपण किळसवाणे आहोत, देव आपल्यावर प्रेम करणे शक्यच नाही, असे आपल्याला वाटावे आणि आपण निराश व्हावे, हा तो डाव. ब्लॅटी यांच्या मते हा चित्रपटाचा गाभा होता. फ्रीडकिन यांनी तो १९७३ साली वगळला. २००० सालच्या वाढीव आवृत्तीत तो परत आला.

अर्थ निघून गेला आणि भीती उरली. परिणाम काय झाला? शेवटी फादर कॅरस दुष्टात्म्याला स्वतःवर ओढून घेतात, खिडकीबाहेर झेप घेतात आणि मुलीला वाचवतात. मित्रासाठी प्राण देण्याची प्रभूची शिकवण तेथे आहे. तरीही अनेक प्रेक्षक 'शेवटी सैतानच जिंकला' असे समजून घरी गेले. याची खंत ब्लॅटी यांना पुढे वाटत राहिली.

पुढचे भाग पाहिले की ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. १९७७ चा दुसरा भाग समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी झिडकारला. १९९० चा तिसरा भाग ब्लॅटी यांनी स्वतः दिग्दर्शित केला. त्यांना शेवटी विधी नको होता, पण निर्मात्यांच्या आग्रहाने तो घालावा लागला. पुढे पॉल श्रेडर यांनी फादर मेरिन यांच्या तरुणपणावर चित्रपट काढला. तो पुरेसा भीतिदायक नाही म्हणून बाजूला ठेवला गेला आणि तीच कथा दुसऱ्या दिग्दर्शकाकडून पुन्हा चित्रित करून घेण्यात आली. ती २००४ साली आली, श्रेडर यांचा चित्रपट २००५ साली. दोन्ही फारसे कोणाला आवडले नाहीत. २०२३ साली आणखी एक भाग आला. त्यालाही समीक्षकांनी नापसंती दर्शवली. बाजाराला भीती हवी होती, तिच्यामागचा प्रश्न नको होता.

हे सारे पडद्यापुरते राहिले असते तर ठीक होते. १९७६ साली जर्मनीत २३ वर्षांची एक कॅथोलिक विद्यार्थिनी उपासमारीने मरण पावली. तिला अपस्माराचा आजार असल्याचे डॉक्टरांचे निदान होते. तिच्यावर ६७ वेळा विधी करण्यात आला होता, आणि त्याला बिशपांची परवानगीही होती. १९७८ साली न्यायालयाने तिच्या आईवडिलांना व दोन धर्मगुरूंना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी ठरवले. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण भीती एवढी मोठी झाली की समोरची भुकेली मुलगी दिसेनाशी झाली.

म्हणूनच विधीपूर्वी आजार नाही याची खात्री करून घ्यावी, असे धर्मशिक्षण ग्रंथ सांगतो. धर्मगुरूलाही बिशपांच्या स्पष्ट परवानगीशिवाय हा विधी करता येत नाही. आपल्या घरात कोणी विचित्र वागू लागले, रात्र रात्र झोपेना, तर प्रार्थना अवश्य करावी, पण डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही उशीर करू नये.

मग मूळ प्रश्नाचे उत्तर काय? संत याकोब आपल्या पत्रात एक मार्मिक गोष्ट सुचवतात. देव एकच आहे हे भुतांनाही ठाऊक आहे, आणि ती त्याच्यापुढे कापतात. म्हणजे देव असल्याचे ज्ञान आणि थरकाप, दोन्ही त्यांच्याजवळ आहे. त्यांच्याजवळ नाही ते फक्त प्रेम. भीती फार तर दार ठोठावील. दार उघडून आत येते ते प्रेमच.

चित्रपटात एक प्रसंग असा आहे, की ज्याची कोणी किंकाळी फोडत नाही. फादर कॅरस यांची म्हातारी आई एकटीच राहते आणि एकटीच मरते. आपण तिच्याजवळ नव्हतो, ही टोचणी त्यांना आतून पोखरते, आणि सैतान नेमके तेथेच बोट ठेवतो. आम्हाला या चित्रपटातली खरी भीती येथे दिसते. असे बंद दार आपल्या धर्मग्रामातही असू शकते.

तेव्हा मुलांनो, असे चित्रपट मोठ्यांसाठी असतात, ते लपून पाहू नका. पालकांनो, मुलाने पाहिलाच असेल तर रागावण्याआधी त्याच्याजवळ बसा आणि तो कशाला घाबरला ते विचारा. सैतानाला आपण बाप्तिस्म्याच्या वेळीच नकार दिला आहे, आणि दर पुनरुत्थान सणाला तो पुन्हा देतो. त्यासाठी अंधाऱ्या खोलीची गरज नाही. या आठवड्यात तो नकार कृतीत आणायचा असेल, तर एखाद्या एकट्या म्हाताऱ्या माणसाच्या घरी जाऊन अर्धा तास बसून या.