आजीच्या दिवाणावरून

शनिवार पेठ, पुणे

चि. छकुलीस,


तू पाठवलेले टीव्हींचे फोटो मिळाले. नोकरीतल्या पहिल्या बोनसमधून घरात नवा टीव्ही घ्यायचा हे तू ठरवलंस, याचा मला फार आनंद झाला. टीव्ही दुरुस्तीचं दुकान बंद करून इतकी वर्षं झाली तरी काकाला विचारावं असं तुला वाटलं, याचा त्याहून जास्त. पासष्ट इंची क्यूएलईडी घेऊ की पंचावन्न इंची ओएलईडी, एवढंच तू विचारलं आहेस. उत्तर फोनवर सांगता आलं असतं, पण त्यामागचं कारण फोनवर सांगण्यासारखं नाही.

तू आजोबांना फार पाहिलं नाहीस. अण्णा शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होते, तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत बत्तीस इंची एलसीडी मी नवाच आणला होता. जन्मभर दुसऱ्यांचे टीव्ही दुरुस्त केले, म्हणून स्वतःच्या घरी हौसेने आणला. दुकानात समोर उभा राहून चित्र पाहिलं, ते आवडलं आणि पैसे मोजले. अण्णांची खाट भिंतीला लागून, टीव्हीच्या जवळजवळ बाजूला होती. २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर विश्वचषकाची फायनल होती. घर माणसांनी भरलं होतं. अण्णा दर थोड्या वेळाने विचारायचे, "आता बॅटिंग कुणाची चालू आहे?" सगळे हसायचे. मीही हसलो. वय झालं, लक्षात राहत नाही, असं आम्ही धरून चाललो.

पुढे दीड-दोन महिन्यांनी एका रात्री त्यांचे पाय चेपायला मी खाटेवर बसलो आणि सहज मान वळवून टीव्हीकडे पाहिलं. माणसांचे चेहरे राख फासल्यासारखे दिसत होते. काळे केस करडे झाले होते, गडद रंग सगळे पुसट होऊन एकमेकांत मिसळले होते. फायनलच्या दिवशी आपल्या पोरांचा पोशाख निळा होता आणि श्रीलंकेचा गडद निळा. अण्णांच्या खाटेवरून दोन्ही एकच दिसत असणार. त्यांची स्मरणशक्ती ठणठणीत होती. त्यांना दिसतच नव्हतं, आणि मुलाने हौसेने आणलेल्या वस्तूला नाव ठेवायला नको म्हणून ते बोलले नव्हते. माझा धंदाच तो असून मला हे कळलं नाही, ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आता आई, म्हणजे तुझी आजी, तुमच्याकडे ठाण्याला आहे. तिचा दिवाण खिडकीखाली, टीव्हीच्या भिंतीला काटकोनात आहे. तू आणि दादा-वहिनी, म्हणजे तुझे आई-बाबा, समोरच्या सोफ्यावर बसता. तुमच्या घरात दिवसाचे आठ-दहा तास टीव्ही पाहणारं माणूस एकच आहे आणि ते सगळ्यात वाईट जागेवर बसतं. तेव्हा टीव्ही निवडायचा तो त्या दिवाणावरून. सोफ्यावरच्या माणसांना कुठलाही चालतो.

आमच्या काळी हा प्रश्न नव्हता. टीव्हीचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुढे पुण्यात आम्ही गच्चीवर चढून सिंहगडाच्या दिशेने अँटेना फिरवायचो आणि खालून कुणीतरी ओरडायचं, "मुंग्या गेल्या, थांब!" लाकडी कॅबिनेट, त्याला सरकतं शटर. १९८७ च्या रविवारी सकाळी रामायण लागलं की अख्खा वाडा एका खोलीत गोळा व्हायचा. पोरं सतरंजीवर, बाया दारात, कुणी खिडकीच्या गजाला धरून बाहेर. सगळ्यांना चित्र सारखं दिसायचं, कारण पिक्चर ट्यूबमध्ये उजेड काचेच्या आतल्या लेपातूनच निघायचा आणि चहूकडे पसरायचा.

एलसीडीत तसं नाही. तिथे मागे दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांच्या बारीक बारीक झडपा. झडप किती वळली त्यावर किती उजेड बाहेर येणार हे ठरतं. समोरून पाहिलं तर हिशोब बरोबर. तिरकं पाहिलं तर झडपेच्या फटीतून भलताच उजेड येतो आणि काळं करडं होतं. दुकानदार ज्याला एलईडी म्हणतो तोही आतून एलसीडीच आहे, फक्त मागच्या नळ्यांच्या जागी एलईडीच्या पट्ट्या आल्या. क्यूएलईडीसुद्धा तोच. त्याचं मागचं झाकण काढून थर उचलले की आत निळे दिवे आणि त्यांवर पिवळट नारिंगी झाक असलेला एक पातळ कागद दिसतो. त्या कागदात क्वांटम डॉट असतात, निळ्या उजेडातून ते शुद्ध लाल आणि हिरवा काढतात. निळा एलईडी ज्यांनी बनवला त्या तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं, क्वांटम डॉटवाल्यांना २०२३ चं. पहिल्यांदा तो कागद हातात धरला तेव्हा मला फार भारी वाटलं होतं. पण त्याने रंग सुधारतात, तिरकं पाहणाऱ्याची अडचण तशीच राहते.

ती अडचण ठरते पॅनेलच्या जातीवर. व्हीए पॅनेल समोरून सुंदर, काळं खरंच काळं, पण बाजूला सरकलं की फिकट. आयपीएस जातीचं पॅनेल बाजूनेही बऱ्यापैकी तसंच दिसतं, मात्र त्याचं काळं मुळातच थोडं राखाडी. ही जात खोक्यावर बहुधा लिहिलेली नसते. एकाच मॉडेलच्या त्रेचाळीस आणि पंचावन्न इंचांत पॅनेल वेगळी निघू शकतात, म्हणून जो आकार घ्यायचा तोच सेट डोळ्यांनी पाहायचा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे तो बाजूने उत्तम दिसतो आणि अंधारातलं काळं तर दुसऱ्या कशातच तसं नाही. तरी आईसाठी मी तो सुचवत नाही. तिचं एकेक चॅनेल तासन्‌तास चालू असतं. कोपऱ्यातला तोच लोगो, खाली बातम्यांची तीच पट्टी. ओएलईडीवर अशा न हलणाऱ्या चित्राचा डाग वर्षा-दोन वर्षांत कायमचा बसू शकतो. शिवाय खिडकीचा उजेड दिवसभर त्या भिंतीवर असतो आणि ओएलईडीची खरी मजा अंधारात आहे.

म्हणून माझं मत: पंचावन्न इंची, आयपीएस जातीचा किंवा बाजूने न फिकटणारा कुठलाही, साधा फोर-के. तुझ्या रात्रीच्या सिनेमातला अंधार थोडा राखाडी दिसेल. तेवढं तू सोसावंस असं मला वाटतं.

पासष्ट का नको, ते सांगतो. तुमचा सोफा भिंतीपासून आठ फुटांवर आहे, तिथून पासष्ट वाईट दिसणार नाही. पण पासष्टची रुंदी एकशे चव्वेचाळीस सेंटिमीटर, पंचावन्नची एकशे बावीस. तुमच्या शोकेसच्या दोन कप्प्यांमधली जागा दादाने मला एकशे तीस सांगितली. आणि दुसरी गोष्ट, आई पाहते ती चॅनेलं सेट टॉप बॉक्सवरून साध्या दर्जाची येतात. पडदा जितका मोठा तितकं ते चित्र ताणलं जातं, अक्षरांच्या कडा विरघळतात. फोर-के म्हणजे आडवे ३८४० ठिपके, फुल एचडी म्हणजे १९२०. पंचावन्न इंचांवर चांगल्या डोळ्यांच्या माणसाला हा फरक साधारण सात फुटांच्या आतच कळतो. तेव्हा फोर-के या शब्दापायी जास्त पैसे मोजू नकोस. आता या आकारात फोर-केच मिळतात, एवढंच. २२ सप्टेंबर २०२५ पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीसवरून अठरा टक्क्यांवर आला आहे. वाचलेले पैसे आकारात घालण्यापेक्षा आवाजात घाल.

आवाजाबद्दल मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण दुकानात याबद्दल कुणी बोलत नाही. जुन्या डब्याला पुढच्या बाजूला चांगल्या हातभर लांबीच्या कॅबिनेटमध्ये स्पीकर असायचा, तोंड आपल्याकडे. आताच्या टीव्हीची जाडी दोन बोटं. स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. तरुण कानाला चालतं. वय झालं की कानातले वरचे, बारीक सूर आधी जातात, आणि स, श, फ, त ही अक्षरं त्याच सुरांत असतात. मग माणसाला बोलणं ऐकू येतं पण शब्द लागत नाही. वहिनी म्हणते ना, "आईंनी आवाज चाळीसवर नेलाय, तरी विचारतात काय म्हणाला"? आवाज वाढवून तिचं काम होत नाही. पार्श्वसंगीतही तितकंच वाढतं. तिला स्पष्ट शब्द हवेत. बोलण्याचा आवाज वेगळा उचलण्याची सोय असलेला मध्यम किमतीचा साउंडबार घे, तो टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या एचडीएमआयला जोड आणि दिवाणाच्या बाजूला सरकवून ठेव. टीव्ही घेताना आणखी एक विचार: ब्लूटूथ हेडफोन आणि टीव्हीचा स्पीकर दोन्ही एकाच वेळी चालू राहतात का? काही सेटमध्ये राहतात, काहींत हेडफोन लावला की बाकी घर मुकं होतं. चालत असेल तर दादाला दुपारी झोप लागेल.

रिमोट हातात घेऊन पाहा. हल्लीच्या रिमोटवर आकडे नसतात, ओटीटीची बटणं असतात. आईला तिच्या चॅनेलचे आकडे पाठ आहेत, ते सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर राहू देत. फक्त सेटिंगमध्ये बघ, टीव्ही चालू केल्यावर थेट एचडीएमआयवर उघडण्याची सोय आहे का. नसेल तर दर सकाळी ओटीटीच्या चित्रांच्या जंगलात ती अडकेल आणि कुणीतरी उठून येईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसेल. हाक मारणार नाही, तिचा स्वभाव तुला माहीत आहे. स्मार्ट टीव्हीचा मेंदू चार-पाच वर्षांत म्हातारा होतोच. तेव्हा मागे एक स्ट्रीमिंग स्टिक लावून भागतं. पॅनेल मात्र बदलता येत नाही, त्याची किंमत जवळजवळ नव्या टीव्हीएवढी असते. म्हणून सगळी परीक्षा पॅनेलची.

ती परीक्षा कशी करायची ते लिहून ठेव. दुकानात मासे, फुलं, परदेशातली शहरं असा डेमो चालू असतो आणि सेट दुकानाच्या मोडवर, उजेड शंभरावर असतो. विक्रेत्याला घरचा मोड लावायला सांग. मग साध्या केबलवरचं मराठी चॅनेल लावायला सांग, शक्यतो एखाद्या मालिकेतला रात्रीचा प्रसंग. आणि समोर उभी राहू नकोस. टीव्हीच्या कडेला जा, आईचा दिवाण जितका तिरका आहे तितकी तिरकी हो आणि खाली वाक, कारण ती बसली की तिचे डोळे जमिनीपासून तीन फुटांवर असतात. चेहरा तिथून माणसाचा दिसतो का ते बघ. विक्रेता घाई करेल. करू दे.

भिंतीला लावायचा तर पुढे-मागे होणारा, वळणारा ब्रॅकेट घे. दिवसा टीव्ही आईकडे वळव, रात्री सोफ्याकडे. संध्याकाळी साडेसातला सगळे एकत्र बसता तेव्हा तो सरळ असणार, म्हणून पॅनेलचा हट्ट सोडू नकोस. नव्या इमारतीतल्या आतल्या भिंती बऱ्याचदा सायपोरेक्सच्या असतात, बोटाने टकटक केलं की पोकळ वाजतात. तिथे नेहमीचे प्लग धरत नाहीत आणि बाहेर ओढलेल्या ब्रॅकेटचा भार सगळा त्या स्क्रूंवर येतो. बसवणाऱ्याला आधीच सांग, म्हणजे तो त्या भिंतीचे वेगळे फासनर आणेल. पडद्याचा मध्य जमिनीपासून साडेतीन फुटांवर. शोकेसच्या वर, देवांच्या तसबिरींच्या रांगेत टीव्ही टांगतात ते करू नका. मान दुखते आणि खालून वर पाहिलं तरी चित्र फिकटतंच.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी बॅकलाइट साठ-सत्तरवर आण. माझ्या टेबलावर आलेल्या सेटांपैकी किती तरी असे होते, आवाज चालू आणि पडदा काळा. बॅटरीचा झोत काचेवर तिरका धरला की आत अंधुक चित्र हलताना दिसायचं. पट्टीतला एक दिवा जळला की ओळीतले सगळे विझतात. ते दिवे उष्णतेने मरतात, आणि शंभरावर चालवलं की उष्णता वाढते. पुसताना कापडावर फवारा मार, पडद्यावर कधीच नाही. पाणी ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि उभ्या रेषा येतात. वॉरंटीत ते बसत नाही.

आता एक काम सांगतो, टीव्ही घेण्याच्या आधीचं. आज संध्याकाळी आईची मालिका लागली की तिच्या शेजारी दिवाणावर बस, भिंतीला पाठ टेकून, तिच्याच उशीवर. आहे त्या जुन्या टीव्हीवर तिथून काय दिसतं आणि काय ऐकू येतं ते बघ. तिला विचारू नकोस, ती "छान दिसतं" म्हणेल. मला रात्री कळव. मी नऊनंतर जागा असतो.

तुझा,
काका