शस्त्र आणि ते धरणारा हात

हक्क माणसाला माणूस म्हणून लाभतो, की तो कोणाच्या हाती आहे हे पाहून समाज त्याचे मोल ठरवतो? २ मे १९६७ रोजी ब्लॅक पँथर पक्षाचे सुमारे तीस जण कॅलिफोर्नियाच्या विधानभवनात गेले. अनेकांच्या हाती बंदुका होत्या. (१९७२ मध्ये मुंबईच्या दलित पँथरने आपले नाव यांच्यावरूनच घेतले.) ओकलंडमध्ये पोलिसांच्या गस्तीवर नजर ठेवताना ते शस्त्रे उघडपणे बाळगत आणि तत्कालीन कायद्यास ते मंजूर होते. त्याच वर्षी, भरलेली बंदूक सार्वजनिक जागी बाळगण्यास बंदी करणारे, डॉन मल्फर्ड या रिपब्लिकन आमदाराचे विधेयक संमत झाले. नॅशनल रायफल असोसिएशननेही त्याला विरोध केला नाही, उलट पाठिंबाच दिला. गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. १९८० मध्ये याच संस्थेने अध्यक्षपदासाठी रेगन यांचा पुरस्कार केला.

येथे केवळ दांभिकता पाहणे उथळपणाचे होईल. भय खरे असते. प्रश्न एवढाच, की ते कोणाच्या बंदुकीचे वाटते. जानेवारी २०२० मध्ये व्हर्जिनियाची विधानसभा डेमोक्रॅटांच्या हाती येताच बंदूकहक्काचे सुमारे बावीस हजार समर्थक, बहुतांशी गोरे, रिचमंडमध्ये जमले. रस्त्यांवर पुष्कळांच्या खांद्याला रायफली होत्या. त्यांनी तिला स्वातंत्र्य म्हटले. ओकलंडच्या तरुणांनीही तेच म्हटले होते. रेगन यांच्या सहीचा कायदा मात्र पुढे कॅलिफोर्नियात डेमोक्रॅटांनीच जपला.