शेजारधर्म आणि मुळांवरील गाठी

बाजरीच्या रानात तुरीचे तास घालण्याची आपल्याकडील रीत जुनी आहे. तिचे समर्थन करताना एक वाक्य हमखास ऐकू येते : तूर हवेतील नत्र जमिनीत आणते व शेजारच्या धान्याला देते. दातृत्वाचा हा दाखला व्याख्यानांतून इतका रुळला आहे की, तो तपासून पाहावा असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

मुळांवरील गाठींत हवेतील नत्र बांधले जाते, हे हेल्‌रीगेल व विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८८ साली दाखवून दिले. मात्र गाठींतील जिवाणूंना वनस्पतीला आपली साखर पुरवावी लागते आणि हा खर्च लहान नाही. म्हणून जमिनीत नायट्रेट मुबलक असेल, तर ती गाठी धरण्याच्या भानगडीत फारशी पडत नाही. शेजारी बाजरी किंवा मका असली की ती जमिनीतील नत्र झपाट्याने शोषून घेते. मग कडधान्याला हवेकडे वळणे भाग पडते. त्याच हंगामात गाठींतील नत्र शेजाऱ्याच्या वाट्याला सहसा थोडेच येते. मुळे आणि पाने कुजल्यावर खरा लाभ होतो तो पुढच्या पिकाला. शेजाऱ्याला मुख्यतः मिळते ते एवढेच की, जमिनीतील साठ्यावर तूर आपला हक्क फारसा सांगत नाही.

यामुळे दात्याची किंमत उतरली, असे काहींना वाटेल. मला तसे वाटत नाही. वनस्पतीला हेतू नसतो, तेव्हा पुण्य तिच्या खात्यावर मांडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु सामाईक विहिरीवरचा आपला वाटा दुसऱ्यासाठी सोडून जो माणूस पदरमोड करून स्वतःचे पाणी शोधतो, त्याचे कृत्य उघड दानाहून हलके का मानावे? त्याच्या नावाची पाटी मात्र कोठे लागत नाही.

एवढ्यावरून दुसरा एक निष्कर्ष घाईने काढला जातो आणि तो मला अधिक धोक्याचा वाटतो. टंचाईच कर्तृत्व जागे करते, तेव्हा गरिबाला मदत करून त्याला आळशी करू नका, असे सांगणारे लोक आपल्या सभासंमेलनांत कमी नाहीत. मुळांची साक्ष त्यांना पुरती अनुकूल नाही. २०१६ साली चिनी संशोधकांनी बाकला या शेंगवर्गीय पिकाशेजारी मका लावून पाहिला. मक्याच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रवानेच बाकल्याच्या गाठी वाढल्या; जिवाणूंना साद घालणारी द्रव्ये त्याची मुळे जवळजवळ दुपटीने सोडू लागली. गहू व जव यांच्या पाझराने असे घडले नाही. म्हणजे नुसती उपासमार हे कारण पुरेसे नव्हते. शेजारी कोण, यालाही महत्त्व होते. तोच उंच मका दाट सावली धरू लागला, तर साखरच कमी तयार होते आणि गाठी रोडावतात. पुण्यात १९५५च्या सुमारास नजरेस आलेले गाजर गवत तर आपल्या विषारी पाझराने कडधान्यांच्या गाठींची वाढच रोखते. अशा शेजारात तुरीला कष्टाचा उपदेश करून काय साधणार?

आणि कृषितज्ज्ञ कडधान्यालाही पेरणीच्या वेळी थोडे नत्र द्यायला सांगतातच. गाठी कामाला लागेपर्यंतचे ते पहिले आठवडे रोपाने कशावर काढायचे?